उकर्ड्याच्या नंद्याचा फोटो

किशोर सावरला, असं दर्यापुरात सगळे म्हणतात. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सकाळी स्टुडिओ उघडतो, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो, पासपोर्टचे फोटो कापून पाकिटात घालून देतो, लग्नसराईत अंजनगाव-अकोट करतो, म्हणजे सावरला. माणूस चालतोय, दोन शब्द बोलतोय, एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून आहे. मधे एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ की पलीकडे तो खोकला तरी मला कळतं. तो किती सावरला ते मला कुणी सांगू नये.

आधीचा किशोर ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे समजणार नाही. एवढा बोलघेवडा माणूस आमच्या अख्ख्या बस स्टँड रोडवर नव्हता. नत्थुजी नावाचे एक म्हातारे पेन्शनच्या कामासाठी फोटो काढायला आले होते. चेहरा असा की कापसाचा भाव आत्ताच पडला असावा. किशोर कॅमेऱ्यामागून म्हणाला, "काहून नत्थुजी, बुढी माहेरी गेली काय?" नत्थुजी खो-खो हसले आणि तोच फोटो निघाला. कचेरीत तो चालला नाही, पुन्हा काढावा लागला. पण पुढे नत्थुजी वारले तेव्हा पोरांनी तोच मोठा करून भिंतीवर लावला. हसऱ्या फोटोला हार घालावा की नाही यावरून भाऊबंदांत जुंपली होती. किशोर ती हकीगत नकला करून सांगायचा आणि मी झेरॉक्सचं मशीन बंद ठेवून ऐकायचो.

लहान लेकरांचे फोटो काढावेत ते त्यानेच. फरशीवर पालथा पडून कावळ्यासारखा ओरडायचा, बकरीसारखा मान हलवायचा. अंजनगावच्या बायासुद्धा बारशाच्या फोटोसाठी त्यालाच बोलवायच्या. त्याची बायको प्रणाली आत कॉम्प्युटरवर बसायची. फोटो निवडणं, नीट करणं, अल्बम लावणं हे सगळं तिचं काम. तो कितीही बोलला तरी ती कॉम्प्युटरवरून मान उचलायची नाही, आणि कुठला फोटो ठेवायचा, कुठला काढून टाकायचा, यात तिचा शब्द शेवटचा असायचा.

या दोघांना पहिली मुलगी झाली तेव्हा किशोरने कॅमेरा खाली ठेवला नाही. तिने डोळा उघडला, फोटो. जांभई दिली, फोटो. एक भला मोठा फोटो त्याने स्टुडिओच्या काचेत लावला. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि 'काय गोड पोरगी आहे' म्हणायचा. ती काही महिन्यांची होऊन गेली. जन्मापासून हृदयात दोष होता, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण किशोरच्या आईने, रुख्मिणीकाकूंनी, डॉक्टरांचं ऐकलं आणि आपल्या मनात होतं तेच धरलं. "साऱ्या गावानं काचेतून पायलं तिले. नजर नाई लागन त काय होईन?" काचेतला फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

त्यानंतर मुलगा झाला. काकूंनी बहिरमच्या देवाला नवस बोलला होता. तिसऱ्या वर्षी यात्रेत पोराचं जावळ काढू, तोपर्यंत पोराचा एकही फोटो काढणार नाही. जन्मदाखल्यावर त्याचं नाव देवांश, पण काकूंनी हाक मारायला नाव ठेवलं उकर्डा. उकिरड्यावर टाकलेलं, कुणाला नको असलेलं लेकरू, मग त्याला कुणाची नजर लागेल? आमच्याकडे जुनी माणसं अशी नावं ठेवत. मी काकूंची खूप थट्टा केली. "काकू, सारं जग मोबाइलमधी घुसलं अन् तुमी अजून उकर्ड्यावर बसल्या." काकू म्हणायच्या, "तू तुह्ये कागद छाप रे पंजाब, लोकाच्या घरात तोंड नोको घालू."

फोटोवाल्याच्या घरात फोटो नसलेलं पोर. गावाला ती करमणूक होती, मला मात्र तेव्हाही रागच यायचा. पण किशोरने नवस पाळला. भीतीने पाळला असेल, आईसाठी पाळला असेल, प्रणालीसाठीही असेल. मी विचारलं नाही. पाळला मात्र काटेकोर. प्रणालीच्या मोबाइलमध्येही पोराचा फोटो नव्हता. पाहुण्यांपैकी कुणी गुपचूप काढला तर किशोर हसत-हसत त्यांच्या हातातून मोबाइल घ्यायचा आणि फोटो पुसून परत द्यायचा. अंगणवाडीच्या ताई त्यांच्या मोबाइलमध्ये भरायला पोराचा चेहरा मागत होत्या, त्यांचं आणि काकूंचं दारातच भांडण झालं. आधार कार्डही जावळानंतर काढू म्हणून ठेवलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांचे फोटो काढायचे आणि स्वतःचं लेकरू तिथेच फरशीवर खेळत असताना कॅमेरा दुसरीकडे वळवायचा. हे त्याला कसं जमत होतं, मला कळत नाही.

आणि उकर्डा तर सतत पायातच असायचा. त्याच्या हातात दोरी आणि दोरीला बांधलेला लाकडी बैल. तान्ह्या पोळ्याला लेकरं चाकांचे लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, तसा नंदी. त्याला तो नंद्या म्हणायचा. पांढरा रंग, निळी झूल, आणि एक शिंग अर्धं तुटलेलं. मागचं एक चाक हरवलं तेव्हा किशोरने जुन्या फिल्मच्या डबीचं झाकण खिळा मारून बसवलं होतं. त्यामुळे नंद्या लंगडत चालायचा, खट्-सर्र, खट्-सर्र. भिंतीपलीकडून मला दिवसभर तोच आवाज यायचा. त्याला तो तुरीची डाळ चारायचा, आंघोळ घालायचा, स्वतः जेवताना शेजारी उभा करायचा. नंद्या कुशीत नसेल तर झोपायचा नाही. त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला माझ्या दुकानात आला, नंद्या काउंटरवर ठेवला आणि नुसता बघत उभा राहिला. बोजारा मागायला लाजला. मी पेढा दिला तर आधी नंद्याच्या तोंडाला लावला आणि मग स्वतः खाल्ला. हिवाळ्यात बहिरमची यात्रा होती. नवस फिटायला थोडेच दिवस उरले होते.

भाद्रपदात त्याला ताप आला. इथल्या डॉक्टरांनी एक दिवस पाहिलं आणि अकोल्याला न्या म्हणाले. अकोल्यात त्याला आत काचेच्या खोलीत ठेवलं. ताप मेंदूत गेला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला किशोरचा फोन आला. "पंजाबभाऊ, उकर्डा गेला. आमी निघून रायलो. घरासमोरून गाड्या बाजूले घ्यायले सांगा." आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी 'बरं' म्हणालो आणि गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही. म्हणजे काहीतरी वाटायला हवं आहे हे समजत होतं, पण ते येत नव्हतं.

गाडी आली. प्रणालीने पोराला अकोल्यापासून मांडीवर आणलं होतं. उतरताना कुणाच्या हातात दिलं नाही. स्टुडिओच्या मागे त्यांचं घर आहे, त्यातल्या मधल्या खोलीत, जिथे ते रोज झोपायचे, त्या गादीवर तिने त्याला ठेवलं. अंगावर नेहमीची चादर घातली. नंद्या कोपऱ्यात होता, तो आणून त्याच्या हाताखाली ठेवला आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. रडली नाही. बाया रडायला लागल्या तर म्हणाली, "हळू बोला. आताच झोपला तो." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

लहान लेकराला आमच्याकडे पुरतात. तिरडी नसते, बाप हातांवर घेऊन जातो. किशोरचे चुलते भगवंतकाका बाहेर ओट्यावर बसले होते. आभाळ भरून आलेलं, त्यात विजेची लाइन गेलेली. काका दोनदा आत येऊन सांगून गेले की दिवस बुडायच्या आत निघायला पाहिजे. प्रणालीने ऐकलं की नाही ते कळलं नाही. एका बाईने पोराकडे हात नेला तर तिने तो हात नुसता बाजूला केला, रागाने नव्हे, अंगावरची माशी हाकलावी तसा. मग कुणाची हिंमत झाली नाही. किशोर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बायकोकडून लेकरू त्यालाच घ्यायचं होतं आणि ते त्याच्याने होत नव्हतं. सगळं घर तेवढ्यावर अडलं होतं.

तेवढ्यात रुख्मिणीकाकू उठल्या. गाडी आल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. किशोरसमोर येऊन म्हणाल्या, "फोटो काढ त्याचा."

काकू आणखी एक पाऊल पुढे आल्या.

"काढ रे बावा. आता कायचा नवस? एक त राहू दे घरात."

मला त्या म्हातारीचा एवढा राग आला की तिथून निघून जावंसं वाटलं. आणि लगेच दिसलं, तिने आपले हात पदरात घट्ट गुंडाळून धरले होते. मग राग करायलाही काही उरलं नाही.

"नाई," प्रणाली म्हणाली. "झोपलेल्या लेकराचा फोटो नाई काढत. मले असा चेहरा नाई पायजे त्याचा." मग नंद्याकडे बघितलं. "नंद्याचा काढा."

किशोरने विचारलं, "नंद्या राहू द्यायचा ना घरी?"

"तो त्याच्यासंगं जाईन. त्याच्याबिगर झोपते काय तो? म्हणूनच म्हणते, फोटो काढा. मंग माह्यापाशी काय राहीन?"

मंग, असं ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडून पोराला नेल्यानंतरचं काही निघालं ते पहिल्यांदा. काकांनी दारातून ते ऐकलं आणि मला खुणेने म्हणाले, काढू द्या.

किशोर स्टुडिओत गेला आणि कॅमेरा घेऊन आला. हाताला सवयच होती, त्याने वर फ्लॅश बसवला.

"फ्लॅश नोका मारू," प्रणाली म्हणाली. "दचकते तो."

किशोरने फ्लॅश काढून खिशात ठेवला. खोलीत एकच खिडकी होती, तीही शेजारच्या भिंतीसमोर. उजेड जेमतेम, नंद्याची झूल निळी की काळी ते सांगता येऊ नये इतका. किशोरने मला स्टुडिओतला थर्माकोलचा पांढरा तक्ता आणायला सांगितला. "खिडकीच्या समोर धरा. जराक वाकडा. त्याच्यावरचा उजेड नंद्यावर पडला पायजे." मी धरला. नंद्याचं तोंड आणि तुटकं शिंग थोडं उजळलं. बाया भिंतीला सरकल्या. ट्रायपॉड एवढा खाली येत नव्हता, म्हणून त्याने पाट घेतला, पाटावर उशी ठेवली, उशीवर कॅमेरा टेकवला आणि स्वतः फरशीवर पालथा पडला. लेकरांचे फोटो काढताना पडायचा तसाच. फक्त आवाज कसलाच नव्हता.

फोटोच्या चौकटीत त्याला नंद्याच घ्यायचा होता. पण पोराचा हात नंद्याच्या पाठीवर होता. किशोरने वर बघितलं. प्रणाली म्हणाली, "हात राहू द्या." त्याने मान हलवली. चेहरा बाहेर ठेवून नंद्या आणि नंद्यावरचा तेवढा हात त्याने चौकटीत घेतला.

अशा उजेडात फ्लॅश नसला की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. बोटाने बटण दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून त्याने तो आपोआप चालू होईल असा लावला, आणि त्याची टिक्-टिक् होते ती बंद केली. मग हात काढून घेतला आणि हनुवटी फरशीला टेकून नंद्याकडे बघत राहिला. खट् झालं. शटर उघडलं. मी थर्माकोल धरून उभा होतो, श्वास रोखून, जणू माझ्याच श्वासाने काही बिघडणार होतं. किशोरचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. मला वाटलं, सेकंद मोजत असेल. मग पुन्हा खट् झालं.

त्याने कॅमेरा उचलला आणि पडद्यावर पाहिलं. बघतच राहिला.

"मले दाखवा," प्रणाली म्हणाली.

तो द्यायला तयार नव्हता. तिने कपाळावरचा हात पहिल्यांदा काढला आणि कॅमेरा ओढून घेतला. ती रोज असे फोटो बघणारी बाई. अंधाऱ्या हॉलमधले, पाळण्यातले, झोपलेल्या लेकरांचे किती फोटो तिने काढून टाकले असतील. झोपलेलं लेकरूही हलतंच. श्वासाबरोबर हात खाली-वर होतो, बोटं मधेच आवळतात, आणि एवढा वेळ शटर उघडं असलं की सगळं पुसट येतं. 'हलला, हलला, हाही हलला,' असं ती किशोरवर करवादायची ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

तिने बटण दाबून फोटो मोठा केला. तुटकं शिंग आलं, लाकडाच्या चिरा दिसल्या. मग फोटो सरकवत हातावर आली. मी मागेच उभा होतो, मलाही दिसत होतं. चार बोटं. नखांत अडकलेली माती. मनगटावरचा काळा दोरा, त्या दोऱ्याचा सुटलेला एक धागा, तोसुद्धा स्वच्छ, रेघ ओढल्यासारखा. तिने आणखी मोठा केला. मग आणखी. मग तिचं बोट बटणावर थांबलं.

"हात हलला नाई," ती म्हणाली.

"नाई," किशोर म्हणाला.

"जराकही नाई हलला."

किशोर फरशीवरून उठून बसला होता. तो बोलला ते तिच्याशी की माझ्याशी, कोण जाणे. "साऱ्या तालुक्याले मी हलू नका, हलू नका म्हणत आलो. आता शटर उघडं होतं तवा मनातल्या मनात म्हणून रायलो होतो, हल रे बावा. थोडासाक हल. खराब होऊ दे फोटो."

प्रणालीने कॅमेरा माझ्याकडे दिला. मी एका हाताने घेतला, दुसऱ्या हातात थर्माकोल तसाच होता. तिने चादर बाजूला केली, पोराचा सदरा खाली ओढून नीट केला आणि नंद्या त्याच्या छातीशी आडवा ठेवला.

"घ्या," ती किशोरला म्हणाली. "नंद्या पडू देऊ नोका."

किशोर गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्याने दोन्ही हात पोराच्या खाली घातले.